रिकाम्या जागा भरा

माझ्या लॅपटॉपच्या आत दुसरा एक कंप्यूटर राहतो. त्याच्यावर विंडोज एक्सपी आहे. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट बंद केले, पण ही बातमी आमच्या भागातल्या गणेश मंडळांपर्यंत अजून पोचलेली नाही. आषाढ लागला की पोरं दारात हजर. "काका, पावतीपुस्तक गेल्या वर्षीचंच. फक्त साल बदला."

ते पावतीपुस्तक आहे पेजमेकर या छपाईची पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, आणि तेही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशिनवर मराठी सारखी दिसायची सोय होण्याच्या, आधीच्या मराठी फॉन्टात. नव्या मशिनवर उघडलं की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी पौंडाची चिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं येतात. म्हणजे एक आकडा बदलायचा म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कंप्यूटरच्या पोटात दुसरा चालवणारा प्रोग्राम) अख्खा एक्सपी सांभाळून आहे.

बाहेरून बघितलं तर हा सगळा संसार म्हणजे एकच फाइल, व्हीडीआय. सुरुवातीला लहान असते, लागेल तशी वाढते. मी तिला ४० जीबीची हद्द घालून दिली होती. परवा लॅपटॉपची डिस्क लाल झाली म्हणून बघतो, तर बाईसाहेब ३७ जीबीवर. आत जाऊन एक्सपीला विचारलं, तर तो म्हणतो वापरात ९ जीबी, बाकी सगळं मोकळं. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते, हा त्यातला वैताग.

"अहो, नको ते डिलीट करा ना," बायको म्हणाली. केलं. आत शिरून भावी नगरसेवकांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स उडवले (त्यातले बरेच अजून भावीच आहेत), रिसायकल बिनही झाडला. एक्सपी खूश. बाहेर फाइल ३७ची ३७.

त्याचं असं आहे. फाइल डिलीट करणं म्हणजे सोसायटीच्या पाटीवरून भाडेकरूचं नाव खोडणं. माणूस कागदोपत्री गेला, पण त्याचं कपाट, गाद्या, फुटकी बादली फ्लॅटमध्येच. एक्सपी पाटी वाचतो. व्हर्च्युअलबॉक्सला पाटी वाचता येत नाही, तो दार ढकलून आत सामान आहे का तेवढं बघतो. त्याचा एकेक फ्लॅट १ एमबीचा, आणि त्यात एक बादली जरी सापडली तरी फ्लॅट भरलेला! म्हणून आधी आत डीफ्रॅग चालवून विखुरलेलं सामान एका बाजूला सारायचं आणि मग उरलेल्या मोकळ्या जागेत शून्यं लिहायची. नुसती शून्यं दिसली की व्हर्च्युअलबॉक्स तो फ्लॅट रिकामा धरतो. जागा रिकामी करायची तर ती आधी शून्यांनी भरायची! हे बायकोला समजावून सांगताना माझंच तोंड पडलं.

शून्यं लिहायला मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातला एसडिलीट नावाचा छोटा प्रोग्राम आहे. काळ्या खिडकीत त्याच्यापुढे 'झेड' लिहिलं तर तो शून्यं भरतो, 'सी' लिहिलं तर वाट्टेल ते आकडे भरून जागा पुसतो. पुसतो झकास, पण मग प्रत्येक फ्लॅटमध्ये नवं सामान, आणि फाइल थेट ४० जीबीच्या हद्दीला टेकते. एवढा फरक एका अक्षरात ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

स्नॅपशॉटची, म्हणजे आतला कंप्यूटर त्या क्षणी होता तसा जपून ठेवण्याची, भानगड वेगळी. मी हौसेने काढून ठेवलेले असतात, 'फ्लेक्सच्या आधी', 'फ्लेक्सच्या नंतर'. ते असताना मूळ फाइल नीट आवळली जात नाही, आधी ते काढावे लागतात. काढताना ते एकमेकांत विलीन होतात आणि त्यासाठी डिस्कवर तात्पुरती जास्तीची जागा लागू शकते. जागा असती तर मी या धंद्यात पडलोच नसतो.

शेवटी एक्सपी बंद करून बाहेरून कॉम्पॅक्टचा, म्हणजे फाइल आवळायचा, हुकूम सोडला. पडद्यावर ०%, तीन टिंबं, १०%, तीन टिंबं. चाळीसवर टिंबं येईनात. अशा वेळी माऊस हलवला तर काम बिघडेल अशी माझी श्रद्धा आहे, तिला शास्त्रीय आधार नाही. मी हात मांडीवर ठेवून बसलो. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "कुणी गेलंय का?" तेवढ्यात पन्नास आलं आणि पुढचं भराभर झालं. फाइल ११ जीबी.

लॅपटॉपमध्ये २६ जीबी मोकळे. मी घरभर सांगत फिरलो.

"मग त्या बाहेरच्या डिस्कवर चिंगीच्या लग्नाचे फोटो टाका की," बायको म्हणाली. "पेनड्राइव्ह कधीचा पडलाय."

"तिच्यात जागा नाही."

"का?"

हा खटाटोप सुरू करण्याआधी, न जाणो काही बिघडलं तर, म्हणून मी ३७ जीबीच्या फाइलची एक प्रत तिथे काढून ठेवली होती.

"पण आता सगळं नीट झालं ना? मग ती उडवा."

"उडवू," मी म्हटलं. "गणपती होऊन जाऊ देत."