कार्डावरचा ‘मॅनेजर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एचआरमध्ये वीस वर्षं काढलीत, म्हणून नोकरकपातीतल्या सक्तीच्या राजीनाम्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की लाखभर पगार घेणाऱ्या आयटीतल्या मॅनेजरला कामगार कायदा लागूच होत नाही. कोर्टात वर्षं जातात, म्हणून कंपनीनं मागितला की त्यानं मुकाट्यानं राजीनामा द्यावा, ‘सही करू नका’ म्हणून मी लोकांना भरीस पाडू नये.

‘कायदा सगळ्यांना लागू’ हे लेखातलं माझं वाक्य ढिलं होतं, ते बदलतो. खरोखर व्यवस्थापन करणारा माणूस ‘कामगार’ ठरत नाही. पण पगाराचं तुम्ही चुकताय. औद्योगिक संबंध संहितेतली (म्हणजे नोकरकपातीचे नियम ज्यात आहेत त्या कायद्यातली) महिना 18,000 रुपयांची मर्यादा फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे. तांत्रिक कामाला पगाराची मर्यादाच नाही. शिवाय कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. पवईला नोकरी करणारी माझी मैत्रीण कार्डावर ‘सीनियर मॅनेजर’. हाताखाली एकही माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर कोड तपासायचा. ती कसली मॅनेजर? (हे सिद्ध करणं मात्र कर्मचाऱ्यावरच येतं, म्हणून नेमणूकपत्र आणि अप्रेझलचे कागद जपा.)

ती कामगार ठरली, तर तिला कपातीत काढताना कंपनीनं द्यायची एक महिन्याची सकारण लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. तिची नऊ वर्षं झालीत, म्हणजे 135 दिवसांचा पगार! राजीनाम्यावर सही केली की हे गेलं, कारण राजीनामा म्हणजे कपात नव्हे. म्हणूनच तर तिला मीटिंग रूममध्ये बसवून ‘अर्ध्या तासात सही करा, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर शेरा येईल’ असं सांगितलं गेलं. मला याचाच संताप येतो.

आणि समजा, ती मॅनेजरच ठरली. तरी पाच वर्षांनंतरची ग्रॅच्युइटी हुद्दा विचारत नाही. राहिलेला पगारही नोकरी सुटल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो. हे सांगणारी वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) 45 दिवसांनी’ ही फक्त कंपन्यांची रीत आहे.

कोर्टात वर्षं जातात हे तुमचं खरं. पण पहिली पायरी कोर्टाची नाही. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) कामगार भवनात समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो.

मैत्रिणीनं सही केली नाही. ‘मी राजीनामा देत नाही, कपात असेल तर लेखी कळवा’ एवढी मेल त्याच रात्री पाठवली. तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसता, म्हणून एक विनंती करतो : समोरच्याला तो कागद एक रात्र घरी नेऊ द्या.