ऐकणारं माणूस कॉलेजचं नको

शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. त्यावरून ठाण्यातल्या आमच्या नातेवाइकांत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, आमच्या वेळी कुठे होतं हे? दुसऱ्याचं, माणूस नेमला की काम झालं. मला दोन्ही पटत नाही.

मी जर्मनीत राहते. इथे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, खाणावळी, आर्थिक सल्ला आणि बऱ्याच ठिकाणी समुपदेशनही 'श्टुडीरेंडनवेर्क' ही संस्था बघते. विद्यापीठापेक्षा ती वेगळी. दर सत्राला विद्यार्थी जी वर्गणी भरतात, त्यातला वाटा तिला मिळतो. इथेही नंबर लागायला आठवडे जातात, खोलीसाठी तर फारच ताटकळावं लागतं. पण मार्क देणारा आणि ऐकून घेणारा यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. स्टाफरूमशेजारच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, कोणती मुलगी मन मोकळं करायला जाईल?

माझी भाची ठाण्यात शिकते, बदलापूरहून लोकलने येते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच अडकला होता. लेक्चर संपवून पोहोचेपर्यंत ऑफिसची खिडकी बंद. "मावशी, बाबांनी फीसाठी उसने पैसे आणलेत. कुणाला सांगू?" फोनवर रडत होती. अर्ज नेमका कुठे अडलाय आणि कुणाला भेटायचं, एवढं सांगणारं माणूस तिला हवं होतं. म्हणून आदेशातला 'समाजकार्यकर्ता' हा पर्याय कॉलेजांनी मनावर घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं.

ऐरोली, वाशी, नेरूळ हा सगळा पट्टा ठाण्याशी एकाच रेल्वेमार्गाने जोडलेला आहे. तिथल्या कॉलेजांनी वर्गणी काढून स्टेशनजवळ एक सामायिक केंद्र चालवावं. ठाण्यात मुंबई विद्यापीठाच्या बाळकुमच्या उपकेंद्रातून सुरुवात करता येईल. सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी करणारी मुलं पुष्कळ. म्हणून केंद्र रात्री आठपर्यंत उघडं हवं. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलते आणि मोफत आहे. तो नंबर वर्गात, वसतिगृहात लावायचा, हेही त्याच आदेशात आहे; ओळखपत्रावरही छापावा.

आणि प्रवेश घेताना पालकांनी प्लेसमेंटच्या जोडीने आणखी एक गोष्ट विचारावी: समुपदेशनाच्या नोंदी कोण कोण वाचतं?