‘धड ना डॉक्टर, धड ना इंजिनियर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

बायोमेडिकल इंजिनियरिंगवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो नाही, ते बरं झालं.

आधी चूक कबूल करतो. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर लाल प्रकाशावर चालतो, असं मी लेखात लिहिलं होतं. लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) अशा दोन्ही प्रकाशांचं शोषण ताडून पाहिल्याशिवाय ऑक्सिजनचं प्रमाण काढता येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. ‘बायोमेडिकलवाले धड ना डॉक्टर, धड ना इंजिनियर. सरळ इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला सांगा, पोरांना फसवू नका,’ असं लिहिलंत. फसवू नका? मत वेगळं असू शकतं, पण मला फसवणारा ठरवण्याइतकं तुम्हाला माझ्याबद्दल काय ठाऊक आहे? हेच जरा नीट शब्दांत सांगता आलं असतं.

‘धड ना हे, धड ना ते’ मी पहिल्या वर्षापासून ऐकत आलोय. घरच्यांकडूनही ऐकलंय. म्हणून त्याचं उत्तर देतोच.

तिसऱ्या वर्षी आम्हाला ईसीजीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे हृदयाचा विद्युत सिग्नल मोठा करणारं सर्किट, बनवायचा होता. त्वचेवर मिळणारा हृदयाचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा, आणि त्यावर आजूबाजूच्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण बसलेली. आमच्या गटात सर्किटमध्ये हुशार मुलं होती. सर्किट कागदावर अचूक होतं, पडद्यावर मात्र नुसता जाड पट्टा. चार दिवस आम्ही फिल्टर बदलत राहिलो. चूक सर्किटमध्ये नव्हतीच. माणसाचं शरीर स्वतःच ती गुणगुण पकडतं आणि प्रत्येक इलेक्ट्रोडखाली त्वचेचा रोध वेगळा असतो, हे आम्ही धरलंच नव्हतं. त्वचा नीट घासून स्वच्छ केली, शरीरावरचा सामाईक (सगळ्या इलेक्ट्रोडवर सारखाच येणारा) व्होल्टेज उलटा करून उजव्या पायातून परत दिला, तेव्हा कुठे क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा तो उंच टोकदार आकार, उभा राहिला. तो क्षण मी विसरलेलो नाही. त्या दिवशी मी काय होतो, डॉक्टर की इंजिनियर? मला तरी तो प्रश्न पडला नाही.

गळतीच्या प्रवाहाचं, म्हणजे उपकरणातून नको तिथे झिरपणाऱ्या विजेचंही तसंच. हाताला सुमारे १ मिलीअँपिअरच्या आसपासचा प्रवाह जाणवू लागतो. पण थेट हृदयाला जोडायच्या उपकरणासाठी सामान्य स्थितीतली मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे, म्हणजे त्याचा शंभरावा भाग. कॅथेटर (हृदयापर्यंत घातलेली बारीक नळी) त्वचेचा रोध ओलांडून आत जातो आणि मग इतका क्षुल्लक प्रवाहही हृदयाची लय बिघडवू शकतो. हे आम्हाला वर्गात शरीरशास्त्र आणि विद्युत सुरक्षा एकत्र ठेवून शिकवलं गेलं. ‘मशीन दुरुस्त करणारे’ असा शब्द तुम्ही वापरलात. दुरुस्तीनंतर तो प्रवाह मोजून बघणारा माणूस हलका वाटतो का तुम्हाला?

हाउन्सफील्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर होते आणि तरी सीटी स्कॅनरसाठी १९७९ चं नोबेल मिळवलं, हा तुमचा दाखला. ते शिकत होते तेव्हा ही पदवी होतीच कुठे? आणि १९७१ मधलं रुग्णाचं पहिलं स्कॅन रेडिओलॉजिस्ट जेम्स अ‍ॅम्ब्रोज यांच्या सोबतीनेच झालं. दोन माणसांना एकमेकांची भाषा शिकावी लागली. तीच भाषा आम्ही चार वर्षं शिकतो.

नोकऱ्या आणि फीबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यात मी शिरत नाही. लेखाचा तो विषय नव्हता.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एका मुलीने विचारलंय, ‘मी शाखा बदलू का?’ तिला इन्स्ट्रुमेंटेशन आवडतं, जीवशास्त्र नावडतं, एवढंच तिने सांगितलंय. तिला मी आज वेगळं, सविस्तर लिहिणार आहे. तुम्हालाही तिला काही सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण ‘पोरं’ म्हणून नको.