जात्याला मोटर, इंजिनाला बर्नर : फिटरकाकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

फिटरकाका, नमस्कार.

नीलगिरीच्या गाडीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. सही म्हणून तुम्ही फक्त 'एक जुना फिटर, कुर्डुवाडी' एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. आभार मानून मोकळं व्हावं असं ते लिखाण नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ज्यांनी दोन्ही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की कोळशाच्या जुन्या इंजिनाला तेलाचा बर्नर बसवला म्हणून काही बिघडत नाही, इंजिन धावतंय हे महत्त्वाचं. काकांचं उत्तर असं : "कोळशाखालची जाळी काढायची, भट्टीत विटा बसवायच्या, कोळशाच्या जागी तेलाची टाकी ठेवायची आणि वर हेरिटेज म्हणून तिकीट फाडायचं. जात्याला मोटर बसवून त्याला जातं म्हणण्यातला हा प्रकार. चालवणं जमत नसेल तर तेल-ग्रीस लावून छपराखाली ठेवा, पण मूळ मालाला हात लावू नका."

तुमचा जात्याचा दाखला मनात घर करून बसला. आमच्या घरी आजीचं जातं होतं. दळून दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकीवाला यायचा आणि छिन्नीने पुन्हा टाके मारून द्यायचा, यालाच टाकी लावणं म्हणतात. खुंटा दोनदा तरी बदललेला मला आठवतो. दर टाकीला दगड थोडा झिजायचा, म्हणजे मूळ माल कमीच व्हायचा. तरी ते आजीचंच जातं राहिलं. मोटर बसवली असती तर मात्र दगड तेच असूनही ती चक्की झाली असती, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तेव्हा प्रश्न असा उरतो की तेलाचा बर्नर म्हणजे टाकी लावणं की मोटर बसवणं? लेखात मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. आता विचारतो.

नीलगिरीचं एक्स वर्गाचं इंजिन घेऊ. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात १९१४ ते १९२५ दरम्यान यातली १२ बांधली गेली, आणखी ५ १९५२ साली आली. तामिळनाडूतला मेट्टुपालयम ते उदगमंडलम (उटी) हा ४६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग, ३२६ मीटर उंचीवरून थेट २२०३ मीटरवर जाणारा. कल्लार ते कुन्नूर हा त्यातला कठीण टप्पा, जिथे साधारण साडेबारा मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. नुसत्या चाकांना तिथे रूळ धरता येत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी बसवलेली आहे. एका पट्टीचा दात जिथे येतो तिथे शेजारच्या पट्टीची खाच येते, त्यामुळे इंजिनाखालच्या दातेरी चाकाची पकड कुठल्याही क्षणी सुटत नाही.

कल्लारला मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ऐकत होतो. गाडी अगदी सावकाश होते, खालून लोखंडाला लोखंड लागल्याचा एक जड आवाज येतो, आणि मग इंजिनाचा श्वासच बदलतो. सपाटीवर दोनच सिलिंडर काम करत असतात. दातेरी टप्पा लागला की त्यांनी एकदा वापरलेली वाफ धुराड्याकडे न जाता वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि दातेरी चाकं फिरवायला लागते. एकाच वाफेकडून दोनदा काम. इंजिन गाडीच्या मागे, उताराच्या बाजूला असतं, डबे पुढे ढकलत नेतं. प्रत्येक डब्याच्या पुढच्या सज्जात एकेक ब्रेकवाला उभा. ड्रायव्हरची शिट्टी ऐकायची आणि हाताने ब्रेक आवळायचा किंवा सोडायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्या हातून ते चुकून चालत नाही.

आता तुम्हीच सांगा काका, यातलं मूळ काय? माझ्या मते ती दातेरी पकड, वाफेचं ते दुहेरी काम आणि शिट्टीवर चालणारे ते हात. या तिन्हींना बर्नर हात लावत नाही. भट्टीत कोळसा पेटो की तेल, बॉयलरच्या नळ्यांभोवती पाणी तसंच उकळतं आणि पुढची सगळी कामं वाफच करते. बर्नर यायला कारणंही होती. उन्हाळ्यात त्या डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, धुराड्यातून उडणारी एक ठिणगी वणवा लावायला पुरते. आपल्या कोळशात राख फार, त्यामुळे चढावर वाफ कमी पडणं नेहमीचं. हे तुम्हाला मी काय सांगावं?

इथवर मी माझ्या लेखाच्या बाजूने बोललो. पण त्यात दोन गोष्टी राहून गेल्या, आणि तुमच्या प्रतिक्रियेने त्या समोर आणल्या.

पहिली, फायरमन. भट्टीत पातळ, एकसारखा विस्तव राखणं, कुठे पांढरा पडलाय आणि कुठे काळा राहिलाय ते दार उघडल्याबरोबर ओळखणं, नेमक्या कोपऱ्यात फावडं रिकामं करणं, क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) धरला तर तो फोडून काढणं, आणि पुढे चढ येतोय म्हणून आधीच आग तयार ठेवणं. बर्नरवाल्या इंजिनावर या विद्येचं काम उरत नाही. तिथे वेगळी विद्या लागते, हेही खरंच. धुराच्या रंगावरून झोत कमी-जास्त करावा लागतो, नळ्यांत काजळी धरली की भट्टीच्या दारातून वाळू टाकून त्या खरवडून घ्याव्या लागतात. पण ती वेगळी. जाळी काढून फळीवर ठेवता येते आणि वीस वर्षांनी परत बसवता येते. फायरमनचा हात फळीवर ठेवता येत नाही. 'काही बिघडत नाही' हे माझं वाक्य चुकीचं होतं. बिघडतं, आणि जे बिघडतं ते परत आणायला सगळ्यात अवघड.

दुसरी गोष्ट दार्जिलिंगची. तिथल्या बी वर्गाच्या ७८७ क्रमांकाच्या इंजिनाची कथा मला ठाऊक होती, तरी लेखात मी ती घेतली नाही. घ्यायला हवी होती, कारण ती तुमची बाजू भक्कम करते. बी वर्ग म्हणजे दोन फुटी रुळांवरचं चार चाकांचं चिमुकलं इंजिन. १८८९ ते १९२५ या काळात अशी ३४ बांधली गेली. पुढच्या बंपरवर दोन माणसं बसतात आणि चाक घसरायला लागलं की हाताने रुळावर वाळू टाकतात. ७८७ तेलावर नेताना बर्नर आणि पाण्याचा पंप चालवायला त्यावर डिझेलचा जनरेटर चढवला. ब्रेकसाठी डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर बसवला. बॉयलरला जाणारं पाणी आधी तापवायची सोय केली. एवढ्याशा इंजिनावर इतकं सामान चढल्यावर त्याचं रूपच पालटलं. चाचण्या मनासारख्या झाल्या नाहीत, नेहमीच्या सेवेत ते कधी आलंच नाही, आणि २०११ साली ते तिनधारियाच्या कारखान्यात पुन्हा कोळशावर नेण्यासाठी उभं होतं.

काका, ही मात्र जात्याला बसवलेली मोटरच. वाफेच्या इंजिनाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य काय, तर त्याला दुसऱ्या कुणाचा आधार लागत नाही. स्वतःच्याच वाफेने ते बॉयलरमध्ये पाणी ओढून घेतं. हे काम करणारा इंजेक्टर पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा मी थक्क झालो होतो. आत हलणारा भाग जवळजवळ नाही, नुसत्या निमुळत्या नळ्या, आणि वाफेचा झोत थंड पाण्याला सोबत घेऊन बॉयलरच्या दाबाविरुद्ध आत शिरतो. असं सोंग नसलेलं यंत्र जनरेटरच्या मिंधेपणात ठेवलं तर ते चाललं तरी स्वतःच्या पायावर चालत नाही. म्हणून बर्नरच्या बाबतीत यापुढे मी हे पाहीन : तेलाचा फवारा इंजिनाच्या स्वतःच्या वाफेने होतोय का? होत असेल तर ती टाकी लावणं. शेजारी डिझेलचं यंत्र घरघरत असेल तर तुमचं म्हणणं खरं.

'मूळ मालाला हात लावू नका' यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. कुठल्या सालचा मूळ माल? इंग्लंडमधलं 'फ्लाइंग स्कॉट्समन' पाहा. १९२३ साली डॉनकास्टरला बांधलं, १९४७ साली त्याचा वर्गच बदलून फेरबांधणी झाली. १९६३ साली सेवेतून काढल्यावर एका हौशी माणसाने ते विकत घेतलं आणि दुहेरी धुराडं उतरवून जुनं एकेरी बसवलं. पुढे १९९३ मध्ये दुहेरी धुराडं आणि धूर वर फेकणारे पत्रे परत आले. २०१६ साली दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते रुळावर आलं ते याच उत्तरकाळातल्या रूपात. १९६९ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं तेव्हा पुढे काऊकॅचर आणि घंटा लावली होती, ती नंतर काढली. ऑस्ट्रेलियाला जाताना एअर ब्रेक बसवले. १९३४ साली याच इंजिनाने ताशी १०० मैल गाठले, पण त्या दिवशीचं इंजिन आज जसंच्या तसं कुठेच नाही. बॉयलरसुद्धा तो नाही. तरी इंग्लंडात त्याला कुणी नकली म्हणत नाही. निघू शकलं ते काढलं, आणि काय बदललं ते लिहून ठेवलं, याला मी महत्त्व देतो.

आणि छपराखाली ठेवण्याबद्दल. माथेरानच्या गाडीसाठी जर्मनीतून आणलेल्या ७३८ ते ७४१ या चार इंजिनांमध्ये एक गंमत दडलेली होती, तुम्हाला ती माहीत असेलच. पहिला आणि शेवटचा आस (चाकं जोडणारा दांडा) पोकळ होता. आतला आस जागच्या जागी फिरायचा आणि बाहेरची नळी चाकांसकट थोडी तिरपी व्हायची, क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात ती. त्यामुळे सहा चाकांचं इंजिन नेरळ ते माथेरानच्या त्या अरुंद वळणांत अडकत नसे. यातलं एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. नीट ठेवलेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोर उभं राहिलेल्या मुलाला तो आस दिसत नाही, आणि दिसला तरी वळण नसल्यामुळे तो कशासाठी आहे ते कळत नाही. उघड्यावर चौथऱ्यावर ठेवलेल्या इंजिनांची गत तर याहून वाईट. दरवर्षी रंगाचा नवा थर, तेलाची भोकं त्या रंगाखाली बुजलेली, गेज ग्लास (बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच) आणि पितळी नळ कधीच गेलेले. त्यांच्या मूळ मालाला कुणी हात लावला नाही असं म्हणता येईल का?

मार्च २००१ मध्ये दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं इंजिन माथेरानला पर्यटकांची वाफेची गाडी ओढायला आणलं, ते मे २००२ मध्ये धावलं. गेज एकच, दोन फुटी, म्हणून ते जमलं. वाफ परत आली याचा आनंद झाला, आणि पोकळ आसाची आपली इंजिनं उभीच राहिली याचं वाईटही वाटलं.

ज्याला मी ठाम नकार देतो ते आता सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटतं तितके आपण लांब नाही हे कळेल. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या आवारात नॅरोगेजचा लाकडी डबा पाहिला. मधोमध गॅस कटरने भगदाड पाडून काचेचं दार बसवलेलं. सागवानी फळ्यांच्या जागी प्लायवूड. खालचा सांगाडा भंगारात गेला होता आणि डबा विटांच्या कट्ट्यावर टेकवलेला होता. कापलेल्या कडेवर हात फिरवला तर आतल्या जुन्या रंगाचे तीन थर दिसत होते : तपकिरी, मग मळकट पांढरा, मग निळा. तो डबा आता कधीही रुळावर येणार नाही, आणि काय कापलं याची नोंद कुणाकडे नाही. असंच एक दुसऱ्या टोकाचं उदाहरण : २०२३ साली गुजरातमधल्या एकता नगरहून सुरू झालेल्या हेरिटेज गाडीच्या विजेवर चालणाऱ्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलंय. त्याने कुठलं जुनं इंजिन बिघडत नाही, पण त्याला वारसा म्हणणं मला पटत नाही.

नीलगिरीतच एक वाट सापडलीय असं मला वाटतं. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने एक्स वर्गाची नवी इंजिनं बांधली, आधी तेलावरची, आणि २०२१ साली चक्क कोळशावरचं एक. शंभर वर्षांपूर्वीचा आराखडा आजच्या कामगारांनी पुन्हा लोखंडात उतरवला. रोजचा चढ नव्यांनी ओढावा, १९१४ ते १९२५ मधलं एखादं जुनं त्याच्या जाळीसकट, कोळशासकट, वर्षातून मोजके दिवस चालवावं. फायरमनचा हात टिकवायचा दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

मूळ लेखातलं 'काही बिघडत नाही' हे वाक्य आज काढलं आहे. त्या जागी ७८७ ची हकिगत घातली आहे आणि बदल का केला तेही तिथेच लिहिलं आहे.

एक विनंती. तुम्ही प्रतिक्रियेत सहज लिहून गेलात की कुर्डुवाडीला इंजिन खोललं की काढलेल्या प्रत्येक भागाला तुम्ही पत्र्याची चकती बांधत होता, आणि त्याची वही तुमच्याकडे अजून आहे. बार्शी लाइट ही तुमची नॅरोगेज रेल्वे १८९७ साली सुरू झाली, आणि तिथे इंजिनं कशी खोलली-जोडली जात याचं कारागिराच्या हातचं लिखाण मी अजून कुठे पाहिलेलं नाही. त्या वहीची पानं मोबाइलवर काढून पाठवाल का? पाठवणं जमणारं नसेल तर मी कुर्डुवाडीला येतो, सोयीचा दिवस तेवढा कळवा.