वाद २०७०चा, मेख पाच टक्क्यांत

व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्गला हाब्सबुर्ग राजघराण्याचा जुना उन्हाळी महाल आहे. १९७२ साली, ऐन शीतयुद्धात, अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या पुढाकाराने निघालेली आयआयएएसए ही संशोधन संस्था तिथे आहे. जगाच्या ऊर्जाव्यवस्थेचं 'मेसेज' हे संगणकी मॉडेल तिचंच. मीही व्हिएन्नात असलीच मॉडेलं चालवून पोट भरतो. त्यामुळे भारतातल्या मित्रांची बोलणी मला खावी लागतात.

एक म्हणतो, "गोऱ्यांची मॉडेलं आमचा कोळसा बंद करायला निघालीत." दुसरा म्हणतो, "जग तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायचा हिशोब करतंय आणि आपण ग्लासगोच्या हवामान परिषदेत निव्वळ शून्य कार्बनसाठी २०७० साल सांगून मोकळे." दोघंही मॉडेलला ज्योतिषी समजतात. एकाला भविष्य पटत नाही, एवढाच फरक.

मॉडेल भविष्य सांगत नाही. एवढी वीज हवी, एवढाच कार्बन परवडेल, तर सगळ्यात स्वस्त वाट कोणती, इतकंच ते शोधतं. आता 'स्वस्त' म्हणजे काय? ते ठरतं डिस्काउंट रेटवर, म्हणजे पुढचा खर्च आजच्या हिशोबात दरवर्षी किती टक्क्यांनी कमी धरायचा, त्यावर. पाच टक्के धरले तर ५० वर्षांनंतरचा शंभराचा खर्च आज नऊसुद्धा दिसत नाही. दोन टक्के धरले तर ३७ दिसतो. मी एकदा तो आकडा खाली आणला. एकाच ओळीतला बदल. कोळशाची केंद्रं आधी बंद झाली आणि शतकाच्या शेवटी हवेतून कार्बन ओढायचं जे काम नातवंडांच्या गळ्यात पडत होतं, ते बरंच हलकं झालं. सिद्धांत आधीच माहीत होता, तरी पडद्यावर बघताना चरकलो.

दुसरी मेख व्याजाची. सौर प्रकल्पाचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो, त्यामुळे कर्ज महाग तर सौर वीज महाग. तरीही अनेक मॉडेलं जर्मनीला आणि नायजेरियाला एकाच व्याजाने पैसे देतात. पहिल्या मित्राचा राग खरा आहे, पण तो इथे काढायला हवा. (आणि 'मेसेज'च्या ११ प्रदेशांच्या आवृत्तीत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान एकाच प्रदेशात नांदतात. वाघा बॉर्डर नाही, काही नाही!)

दुसऱ्या मित्राला ऑस्ट्रियाचं फार कौतुक. इथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र २०२० मध्ये बंद झालं. पण निम्म्याहून जास्त वीज इथे पाण्यावर होते. डोंगर आणि नद्या ही काही यांची पुण्याई नव्हे.

शिवाय मॉडेलमध्ये मतदान नसतं. डॅन्यूबकाठी त्स्वेन्टेनडॉर्फला अणुवीजकेंद्र बांधून तयार होतं. १९७८ च्या सार्वमतात साडेपन्नास टक्क्यांनी नको म्हटलं आणि ते कधी सुरूच झालं नाही. खर्च करून झालेला, वीज तयार. कुठल्याही मॉडेलने ते चालूच केलं असतं. आज त्याच आवारात सौर पॅनेल आहेत.