खोडावरचे शेवाळ झाडाचा रस शोषत नाही

पावसाळा सरत आला की समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे : खोडावरचे शेवाळ झाडाचा रस शोषते, ओल धरून खोड कुजवते, म्हणून ते खरवडून मोरचूद फवारावे, रानात त्याचा उपयोग एकच, वाट चुकलेल्याला उत्तर दिशा दाखवणे. यातले एकही विधान टिकणारे नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून चांगल्या झाडांच्या साली सोलल्या जातात, म्हणून हे उत्तर.

रस शोषायला लागणारी मुळेच शेवाळाला नसतात. त्याला असतात मूलाभ, म्हणजे सालीला धरून ठेवणारे केसासारखे तंतू, आणि ते झाडाच्या रसवाहिन्यांपर्यंत पोचत नाहीत. बहुतेक जातींत पान पेशींच्या एकाच थराचे असल्यामुळे पाऊस, धुके आणि खोडावरून ओघळणारे पाणी यांतून शेवाळ पाणी व क्षार थेट पानांवाटे घेते. अन्न ते स्वतः उन्हाच्या बळावर तयार करते. खरा परोपजीवी पाहायचा तर आंब्यावरचे बांडगूळ पाहावे. त्याची शोषकमुळे साल भेदून लाकडात शिरतात, आणि बागायतदार ती फांदी छाटतो ते योग्यच करतो.

लाकूड कुजवतात त्या बुरशा, आणि त्यांना वाट मिळते ती बहुधा जखमांतून. कोयत्याने खोड खरवडणे म्हणजे ती वाट आपणच करून देणे. बागेत शेवाळ फार माजले असेल, तर तिथे ओल आणि सावली जास्त आहे एवढेच त्यावरून कळते. त्यावर फांद्यांची विरळणी करावी. (डिंक्या रोगावर, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगावर, शिफारशीप्रमाणे बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावणे ही वेगळी गोष्ट आहे.)

'रानात उपयोग एकच' हे विधान मला सर्वांत जास्त खटकते. महाबळेश्वरच्या जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या रानात एप्रिलमध्ये खोडावरचे शेवाळ तपकिरी, चुरचुरीत झालेले असते आणि मेल्यासारखे दिसते. त्यावर ओंजळभर पाणी टाकून भिंगातून पाहिले, तर आवळलेली पाने काही मिनिटांत उलगडताना दिसतात. पावसाळ्यात हाच थर खोडावरून वाहणारे पाणी अडवून ठेवतो, त्यातली धूळ आणि क्षार धरतो आणि उघडीप पडली की ओल हळूहळू सोडतो. त्या ओलीत आमरींची (ऑर्किडची) व नेच्यांची रोपे मूळ धरतात, सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पतीच्या कुळातल्या काही जाती ओल्या खोडावर फुलतात, आणि सूत्रकृमींपासून आठ पायांच्या इवल्या जलअस्वलांपर्यंत सूक्ष्म जीव नांदतात. स्वीडनसारख्या उत्तरेकडच्या देशांतील सूचिपर्णी अरण्यांत तर जमिनीवरच्या पिसांसारख्या शेवाळांवर राहणारे नीलहरित जीवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, आणि तिथल्या नायट्रोजनच्या दृष्टीने गरीब असलेल्या मातीत ही भर मोलाची ठरते. खरवडलेल्या खोडावर असा थर पुन्हा जमायला वर्षे लागतात.

उरली उत्तर दिशा. उत्तरेकडच्या थंड देशांत सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे खोडाची उत्तर बाजू सावलीत राहते आणि तिथे या समजुतीला थोडा आधार आहे. महाबळेश्वर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यच उत्तरेकडे असतो. शिवाय सह्याद्रीत खोडाची कोणती बाजू हिरवी होईल हे नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस, उताराची सावली आणि खोडाचा कल यांवर ठरते, आणि दाट रानात तर ते चोहोबाजूंनी हिरवे असते. धुक्यात वाट चुकल्यास होकायंत्र पाहावे.