आधी शून्यावर आणा, मग चार्ज करा? अजिबात नको

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज दर पाच-सहा महिन्यांनी फिरून येतोच. 'एका इंजिनिअरने सांगितलेली माहिती', खाली मोबाईलची बॅटरी दहा वर्षं टिकवण्याचे पाच नियम, शेवटी हात जोडलेले. अकोल्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे नियम पाळणारी मंडळी शेवटी माझ्याच काउंटरवर येतात. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

'नवा फोन आधी सलग आठ तास चार्ज करा.' हा सल्ला नोकिया ३३१० च्या जमान्यातला. त्या फोनसोबत निकेलची बॅटरी यायची आणि तिला पहिलं चार्जिंग लांबलचक लागायचं. आताचा फोन खोक्यातूनच अर्धामुर्धा भरलेला निघतो. १०० टक्के दिसले की काम झालं. उरलेले तास तो नुसता वायरला लटकलेला असतो.

'शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, नाहीतर बॅटरीला सवय लागते.' सगळ्यात जास्त नुकसान या नियमाने केलंय. ही 'सवय' खरी होती, पण निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. आताच्या फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, ती वेगळ्या जातीची. तिला तळ गाठलेला सोसत नाही. आज ५० टक्के वापरून भरली, उद्या पुन्हा ५० टक्के वापरून भरली, तर दोन्ही मिळून एकच सायकल, म्हणजे एक पूर्ण चार्जिंग, मोजली जाते. त्यामुळे चहा होईस्तोवर फोन दहा मिनिटं लावला म्हणून आयुष्यातलं एक चार्जिंग वाया जात नाही. उलट शंभरवरून शून्यापर्यंत रोज खेचण्यापेक्षा मधल्या पट्ट्यात वापरलेली बॅटरी जास्त टिकते.

मागे एक काकू मुलाचा जुना फोन घेऊन आल्या. मेसेजबरहुकूम पार बंद पडेपर्यंत वापरून सहा महिने कपाटात ठेवलेला. चार्जर लावला तरी ढिम्म. बॅटरी काढून मीटर लावला, तर जिथे पावणेचारच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत तिथे दोनसुद्धा नव्हते. पडून राहिलेली बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत जाते. ती ठरावीक मर्यादेखाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिचं कनेक्शन तोडून टाकतं, आणि तसं तोडणंच योग्य. फोन ठेवूनच द्यायचा असेल तर अर्धा भरून, बंद करून ठेवा.

एक मात्र मान्य. कधी कधी टक्क्यांचा आकडा चुकायला लागतो, २० वरून फोन धाडकन बंद पडतो. तेव्हा एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरला तर आकडा ताळ्यावर येऊ शकतो. पण त्याने हिशेब दुरुस्त होतो, बॅटरी नव्हे.

'रात्रभर लावला तर फोन फुटतो.' चांगल्या फोनमध्ये बॅटरी भरली की आतली चिप करंट बंद करते. तरी रात्रभर शंभरावर टेकून राहणं तिला मानवत नाही, म्हणून तर बऱ्याच फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर थांबायची सोय आली आहे. ती चालू करा. आणि उशीखाली फोन ठेवून चार्ज करू नका. तिथे त्याची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते.

'जास्त वॅटचा चार्जर बॅटरी जाळतो.' किती घ्यायचं ते फोन ठरवतो, चार्जर नाही. भीती वाटायची तर फूटपाथवरच्या शंभर रुपयांच्या चार्जरची बाळगा. चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं बघून घ्या.

'बॅटरी फ्रीजमध्ये ठेवा.' नको. बाहेर काढली की तिच्यावर पाणी जमतं. पुढे बोलायची गरज नाही.

खरा शत्रू त्या पाच नियमांत कुठेच नाही: उष्णता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. डिलिव्हरीची पोरं हँडलवर उन्हात फोन लावतात, मॅप चालू, पॉवर बँक जोडलेली. वर्षभरात बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसतं. काचा बंद केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवणाऱ्यांचंही तेच.

आणि हो, हे सगळं घरच्या इन्व्हर्टरला लावू नका. त्यातली बॅटरी शिशाची असेल तर तिचा न्याय उलटा: ती अर्धवट भरून ठेवली तर खराब होते, पूर्ण भरलेलीच बरी.

झाकण उचललं असेल, तर ते दाबून बसवू नका, टोचू नका, 'थोडे दिवस चालेल' म्हणून चार्जिंगलाही लावू नका. फोन बंद करून दुकानात आणा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नसते. कचऱ्यात दबली की पेट घेऊ शकते, म्हणून माझ्याकडे अशा बॅटऱ्यांसाठी वाळूचा डबा ठेवलेला आहे.